पहाटेची हजेरी

टीम हा शब्द शिंपीकाकांचा. त्याआधी ती नुसतीच एकमेकांच्या ओळखीची माणसं होती, आणि ओळख तरी कशावरून, तर प्रत्येकाच्या घरातलं एक माणूस उठून गेलं होतं आणि परत आलं नव्हतं. शिंपीकाकांची बायको रिळं घेऊन येते म्हणून दुकानाच्या पायऱ्या उतरली ती उतरलीच. नर्सबाईंच्या वडिलांना सकाळचं दुपारी आठवत नसे. एकदा दार उघडं राहिलं आणि ते चालू लागले. आणखी दोन-तीन घरं होती, ती कधी यायची, कधी नाही. आणि चिमीचा दादा. आता दादा काही वाट चुकला नव्हता, की त्याला कोणी पळवला नव्हता. वडिलांशी कडाक्याचं भांडून, पायात चपला सरकवून, चांगला धडधाकट माणूस आपण होऊन दाराबाहेर पडला होता. पण न येणाऱ्यांत अशी वर्गवारी कोण करत बसतो? ताट सगळ्यांकडे एक कमीच.

टीम म्हटलं की काहीतरी काम चाललंय असं वाटतं, नुसतं रडगाणं वाटत नाही, असं काकांचं म्हणणं. जमायचं ठिकाण म्हणजे त्यांच्या दुकानाचा माळा. चिंध्यांची गाठोडी बाजूला सारायची, तागे सरकवायचे आणि मधे बसायचं. आणि काम म्हणाल तर होतं, ते म्हणजे वेबसाइट. ती चिमीने बांधली होती. चिमीने चौतिशी गाठली होती, एका कंपनीत याच कामाचा पगार घेत होती, तिथे तिला लोक मॅडम म्हणत. पण घरात आणि माळ्यावर ती चिमीच. साइट अगदी साधी. आत शिरायला पासवर्ड नाही, विकत घ्यायला काही नाही, नुसती पानं. भिंतीवर चिकटवलेल्या कागदांसारखी, फक्त जगात कुठूनही वाचता येतील अशी. प्रत्येक माणसाचं एक पान. त्यावर फोटो, उंची, अंगावरचे कपडे, खाली फोन नंबर.

साइट साधी, पण ती ज्यावर राहायची तो सर्व्हर महा नाठाळ. कुठल्याशा कंपनीच्या इमारतीतलं भाड्याचं यंत्र ते. त्याची देखभाल चिमीच्या गळ्यात. आज त्याची जागा भरली, उद्या त्याचं सुरक्षेचं प्रमाणपत्र संपलं, परवा काय तर कोणा चोरट्याने आत शिरून नर्सबाईंच्या वडिलांच्या फोटोखाली घड्याळांच्या जाहिराती लावल्या. नर्सबाई चार दिवस बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून चिमी आजारी असो, प्रवासात असो, सर्व्हर बोलावेल तेव्हा उठायचं. लोकांच्या घरी तान्हं मूल असतं. हिच्या घरी हे होतं, आणि नऊ वर्षं झाली तरी ते मोठं होत नव्हतं.

तर झालं असं की चिमीला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. चांगली, मागून न मिळणारी. तिने टीमला सांगितलं की जाण्याआधी मी साइट एका सोप्या जागी हलवते. आता अशा सेवा निघाल्या आहेत की आपण आपली पानं तिथे नेऊन ठेवायची, बाकी प्रमाणपत्र, जागा, चोर-चिलटं सगळं तेच बघतात. एखादा शब्द बदलायचा तर बदलायचा आणि बटण दाबायचं. शिंपीकाकांनासुद्धा जमेल. त्यावर काका म्हणाले, सुद्धा म्हणजे काय गं, मी माणसाच्या पोटाचा घेर नुसत्या नजरेने सांगतो. सगळे हसले. नर्सबाईंनी एवढंच विचारलं, की तिथे घड्याळं नाही ना लावणार कोणी. नाही म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. सगळे खूश होते. फक्त चिमीची आई चष्म्याची दांडी उघडत-मिटत बसली होती.

जिना उतरताना आई म्हणाली, जुन्याला काय धाड भरली होती?

आईचं तसं साइटीशी वेगळंच नातं होतं. दर आठ-पंधरा दिवसांनी ती चिमीला म्हणायची, एक ओळ घे. मग चिमीने दादाच्या पानावर, फोटोच्या खाली, आई सांगेल ती ओळ लिहायची आणि आधीची काढून टाकायची. 'तुझी सायकल दुरुस्त करून ठेवली आहे.' 'खालच्या मजल्यावरचं कुत्रं गेलं, शेवटपर्यंत तुझ्या चपलेवर झोपायचं.' 'यंदा खिडकीला निळा रंग दिला.' वडील वारले तेव्हा रडून डोळे सुजलेले असताना आईने सांगितलं होतं, 'हे गेले. आता रागावणारं कोणी उरलं नाही.' चिमीने ती ओळही लिहिली. वडील तिचेही होते, पण ते असो. तिला वाटायचं, बाईचं मन मोकळं होतंय, होऊ दे. त्यात कोणाचं काय जातंय?

पुढच्या रविवारी चिमीने कामाला हात घातला. घरातल्या एकुलत्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी चहा. आई येऊन उभी राहिली आणि विचारती झाली, की नव्या जागी हजेरी दिसेल का.

हजेरी म्हणजे चिमीनेच पूर्वी करून दिलेलं एक छोटं पान. सुरुवातीच्या दिवसांत आई सारखी विचारायची, बघतं का गं कोणी? तेव्हा चिमीने सर्व्हरवरच्या नोंदींतून एक यादी काढून तिच्या फोनवर बसवून दिली होती. कोणतं पान, किती वाजता, कुठल्या शहरातून उघडलं, एवढंच त्यात दिसायचं. चिमी ती केव्हाच विसरली होती. तिने सांगितलं, नाही आई, नवी जागा मोजत-बिजत नाही, ती फक्त पानं दाखवते, म्हणूनच तर सोपी आहे.

"मग नको हलवूस," आई म्हणाली.

चिमीला वाटलं, ही आपल्या जाण्यावरची नाराजी आहे, हजेरीचं नुसतं निमित्त. ताकाला जाऊन भांडं लपवणं आईला चांगलं जमायचं. म्हणून चिमी जरा चिडूनच बोलली, की मी जायला नको असेल तर तसं सरळ सांग. आई आत गेली, फोन घेऊन आली आणि चिमीच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत जे कोणाला सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, जसं काही मोठ्याने बोललं तर मोडेल.

दादाचं पान रोज कोणीतरी उघडतं. रोज, पहाटे, एकाच वेळी, एका दूरच्या बंदराच्या शहरातून. फक्त त्याचंच पान, दुसऱ्या कोणाचं नाही. उघडतं आणि जातं. दादा बेकरीत कामाला होता, भट्टी पेटवायला त्याला पहाटे उठावं लागे. घरातलं कोणी जागं व्हायच्या आत तो आंघोळ करून बाहेर पडलेला असे. ती सवय कुठे जाते? तिकडेही बेकरीच धरली असेल. कामावर जायच्या आधी एकदा घर बघून जातो. बाकी मानी आहे, बापासारखाच, लिहिणार नाही, बोलणार नाही. पण बघून जातो. त्याला कळावं म्हणून तर ती ओळी सांगत होती. मध्ये एकदा काही दिवस तो आलाच नाही. तेव्हा आईच्या घशाखाली घास उतरेना. मग तिने ओळ सांगितली, 'यायचं नसेल तर नको येऊस, नुसता बघून जा.' आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे तो परत आला.

"मी त्याला दुसरं काही मागत नाही," आई म्हणाली. "रोज येतो, मला पुरतं. तू तेवढं बंद करू नकोस."

चिमीने फोन हातात घेतला. यादी खाली, आणखी खाली सरकवत राहिली. तीच वेळ, तेच शहर, तेच पान. मिनिटाचा फरक नाही. माणूस कितीही वक्तशीर असला तरी कधी त्याला ताप येतो, कधी डोळा लागतो, कधी सणकून कंटाळा येतो. हे काय आहे ते चिमीला तेव्हाच कळलं होतं, पण ती म्हणाली, बघते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिने सर्व्हरच्या मूळ नोंदी उघडल्या. तिथे शहराबरोबर येणाऱ्याची ओळखही लिहिलेली असते. तिथे होती. तो पहारेकरी होता. तिनेच ठेवलेला. साइट बांधली त्या पहिल्याच आठवड्यात तिने एका फुकट सेवेत नाव नोंदवलं होतं: त्यांचं यंत्र रोज एकदा तुमचं पान उघडून बघतं, उघडलं तर गप्प जातं, नाही उघडलं तर तुम्हाला मेल करतं. बघायला एक पान द्यावं लागतं. तेव्हा साइटीवर पानच एक होतं, दादाचं. बाकीची माणसं नंतर आली. तिने तेच दिलं. मेलचा पत्ताही तेव्हाचा, आता कोणी न उघडणारा. पुढे ती सगळंच विसरली. हजेरीच्या पानातून यंत्रं गाळायला हवी होती. तीही तिने गाळली होती, पण जी तिला माहीत होती ती. स्वतःच्याच पहारेकऱ्याला गाळायचं मात्र राहिलं.

मग तिने तो जुना मेलबॉक्स उघडला. पासवर्ड आठवायलाच निम्मी सुट्टी गेली. आत त्या कंपनीचं एक पत्र होतं. आमची यंत्रं बदलण्याचं काम चालू असल्याने काही दिवस आपल्या पानावर नजर ठेवता आली नाही, क्षमस्व. तारीख तीच, आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता त्या दिवसांची.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. आणि दोष द्यायचा कोणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. चिमी डबा न खाता तशीच बसून राहिली. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, सर्व्हर पडला का? तिने हो म्हणून सांगितलं.

आता सांगायचं की नाही? तसं बघितलं तर न सांगणं अगदी सोपं होतं. जुना सर्व्हर बंदच करायचा नाही. नवी साइट नव्या जागी चालेल, लोक तिथे जातील, आणि जुनी कोपऱ्यात एकटीच चालत राहील, एक यंत्र आणि एक आई यांच्यासाठी. पण मग चिमी दुसऱ्या शहरात बसूनही त्याची प्रमाणपत्रं बदलणार, जागा साफ करणार, पहारेकऱ्याचं खातं चालू ठेवणार. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी फोनवर आई म्हणणार, एक ओळ घे. नोकरी बदलली तरी पायातला दोर तोच, फक्त लांब. आणि आई म्हातारी होत जाणार, शेवटी एक दिवस ओळ सांगता सांगता जाणार, आणि त्या पहाटेही तो बरोबर वेळेवर येणार.

चिमीने शिंपीकाकांना विचारलं. ते काज करत होते. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग विचारलं, माझ्या बायकोच्या पानावर कोण येतं गं? चिमी म्हणाली, फारसं कोणी नाही, काका. ते म्हणाले, हं.

"मला कोणी असं यंत्र लावून दिलं असतं ना," काज पुरं करत ते म्हणाले, "तर मी त्याच्या पाया पडून सांगितलं असतं, बाबा, मला कधी काही सांगू नकोस. पण तू विचारायला आलीस, म्हणजे तुझं ठरलंय. आता माझ्याकडून होकार नेऊ नकोस. जाऊन सांग."

चिमीने दुपारी सांगितलं. सुट्टी टाकली होती. आई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. दारामागे चिमीची नवी बॅग उभी होती, तिच्यावरचा दुकानाचा कागदही अजून काढला नव्हता.

"आई, तो दादा नाही."

"कोण?"

"पहाटे येतो तो. ते माणूस नाही. मी लावलेलं यंत्र आहे. साइट चालू आहे का ते बघायला रोज येतं. पान उघडलं की जातं. वाचत नाही ते."

आईने हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. ती नीट झाली नाही म्हणून मोडली, पुन्हा घातली.

"मध्ये काही दिवस आला नव्हता," ती म्हणाली.

"त्यांची यंत्रं बंद होती तेव्हा. त्यांचं पत्र आहे."

"मी ओळ सांगितली, मग आला."

याला योगायोग म्हणतात हे आईला काय माहीत नव्हतं? माहीतच होतं. आई भिंतीकडे बघत राहिली. तिच्या तोंडाची हालचाल होत होती, जशी मनात जुन्या ओळी एकेक करून म्हणून बघत असावी.

"म्हणजे मी एवढं सांगितलं ते कोणीच वाचलं नाही."

"मी वाचलं," चिमी म्हणाली. तिचा आवाज फुटला, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. "प्रत्येक ओळ मी लिहिली, आई. सगळ्या मी वाचल्या."

"तुझ्यासाठी नव्हतं ते," आई म्हणाली.

रागाने नाही म्हणाली. चुकीच्या दारी आलेल्या पोस्टमनला सांगावं तसं म्हणाली. मग उरलेले कपडे उचलून आतल्या खोलीत गेली.

साइट हलवायला काही म्हणजे काही वेळ लागला नाही. चिमीने रविवारी माळ्यावर बसून सगळी पानं नव्या जागी ठेवली, पत्ता तिकडे वळवला, थोड्या वेळाने काकांच्या फोनवर उघडून बघितलं. उघडलं. एवढंच. ज्याच्यासाठी नऊ वर्षं नाकी नऊ आले होते ते काम आता करायलाच नको होतं. नर्सबाई म्हणाल्या, अगं, हे आधीच का नाही केलंस? सहज म्हणाल्या त्या. काकांनी डोळ्यांनी दटावलं तेव्हा गप्प बसल्या. काकांना शब्द कसा बदलायचा ते चिमीने शिकवलं. त्यांनी बायकोच्या पानावरचं 'साडी हिरवी' पुसून 'साडी पोपटी' केलं. इतकी वर्षं ते चुकलं होतं म्हणे, पण सांगायला संकोच वाटायचा.

जुनं बंद करण्याआधी साइटीत आजवर झालेला प्रत्येक बदल एकदा चाळावा लागतो. चिमीने आईच्या सगळ्या ओळी ओळीने वाचल्या. सायकल होती, कुत्रं होतं, खिडकीचा रंग होता, वडील होते, घरमालकाचा दमासुद्धा होता. चिमी नव्हती. कुठेच नव्हती. तिची पहिली नोकरी नाही, तिचं मोडलेलं लग्न नाही, तिचं ऑपरेशन झालं तो आठवडाही नाही. त्या आठवड्याची ओळ होती, 'नळाला आता पाणी भरपूर येतं.' ती ओळ चिमीने दवाखान्यातल्या खाटेवरून लिहिली होती. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगीच नाही. पण दादा मेलाय हे तरी कोणाला माहीत होतं? ते माहीत असतं तर बरं, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तो खरा होता, म्हणून तिला स्वतःची किळस आली. तिने सर्व्हर बंद करण्याचं बटण दाबलं. त्याने विचारलं, नक्की का? तिने नक्की म्हटलं.

आई पुढे आजारी पडली नाही, रडलीही नाही. सोपं झालं असतं ते. ती वेळच्या वेळी उठायची, चार घास खायची, ताट धुऊन ठेवायची. पण तिने ओळ सांगणं सोडलं. फोन पालथा घालून कपाटावर ठेवून दिला. खिडकीत बसली तर बाहेर बघायची नाही, काचेकडेच बघायची. चिमीने विचारलं, दुखतंय का कुठे? नाही. डॉक्टरांकडे जाऊ या का? कशाला? चिमी बॅग भरत होती तेव्हा आईने येऊन स्वेटर आणून दिला, तिकडे थंडी असते म्हणाली. चिमीला त्यातच आशा वाटली. माणूस किती मूर्ख असतो बघा. तिला वाटलं, जखम बसली आहे पण भरेल, आता निदान खरं तरी आहे, आता आपण दोघीच आहोत आणि दोघींना ते कळलंय. सोमवारची गाडी होती. नर्सबाई रोज डोकावून जाणार होत्या, काका दर शनिवारी येणार होते. सगळं मार्गी लागलं होतं.

शनिवारी सकाळी आई स्वतःहून चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आली. खूप दिवसांनी केस नीट विंचरलेले होते. टेबलापाशी बसली, कपात बघत राहिली, आणि विचारलं:

"आता कोण येतं तिथे?"

"कळत नाही," चिमी म्हणाली. "तिथे हजेरी नसते. सांगितलं होतं ना तुला."

"म्हणजे कोणी आलं तरी कळायचं नाही."

"नाही."

"आणि कोणी नाही आलं तरी?"

"तरी नाही."

आईने मान हलवली. पुन्हा एकदा हलवली, मनाशी. आणि चिमीच्या डोळ्यांदेखत त्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. गालावर, मग ओठांवर. किती दिवसांनी ती चिमीकडे सरळ बघत होती.

"मग येत असेल," ती म्हणाली.

मोजायची सोय नव्या जागीही करता आली असती. दहा मिनिटांचं काम, आणि आईला रोज पहाटेची रिकामी यादी दाखवता आली असती. चिमीच्या ते ओठांवर आलं. पण एकदा खरं सांगून तिने काय मिळवलं होतं? आशेचं भूत एका दारातून हाकललं तर ते दुसऱ्या दारातून येऊन घरातच बसलं होतं, आणि या वेळी त्याचं शहर नव्हतं, वेळ नव्हती, त्याला खोटं ठरवायला हातात काहीच नव्हतं. ते दारही चिमीनेच उघडून दिलं होतं.

"एक ओळ घे," आई म्हणाली.

"काकांना शिकवलंय मी. ते टाकतील. आई, सोमवारी मी…"

"त्यांना कशाला? तू आहेस ना." आईने खुर्ची पुढे ओढली. ओळ तिची ठरलेली होती. कितीतरी दिवस घोळवलेली असावी. अडखळली नाही. "लिही. 'चिमी इथेच आहे. ती कुठे जाणार नाही. घरात तुझ्या मदतीला माणूस आहे. तू ये.'"

चिमीने आईकडे बघितलं. आईच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, हट्टही नव्हता. ती इतकी आनंदात होती की समोर कोण बसलंय हे तिला दिसतच नव्हतं. बॅग दारामागे भरून तयार होती, आणि आता ती उघडून स्वेटर परत कपाटात ठेवावा लागणार, हे चिमीला इतकं स्वच्छ कळलं की रडूसुद्धा आलं नाही. तिने लॅपटॉप पुढे घेतला. स्वतःचं नाव त्या पानावर ती पहिल्यांदाच लिहीत होती.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच बघू."

तिने वाचून दाखवलं. आई म्हणाली, ठीक आहे. चिमीने बटण दाबलं. नवी जागा खरंच सोपी होती; आईचा चहा संपायच्या आत ओळ सगळ्या जगाला दिसायला लागली.